सोप्यावरून स्वयंपाकघरात: एका राखाडी पोपटाच्या पिसांचं प्रकरण

किरू दवाखान्यात आला तो खोबरेल तेलाचा वास घेऊनच. टॉवेल बाजूला केला, तर छातीवरची पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या काड्या झाल्या होत्या. मधेमधे गुलाबी कातडी उघडी पडली होती. मानेच्या वर मात्र सगळं जिथल्या तिथे होतं. डोक्यावरची राखाडी पिसं माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक नीट बसलेली, एकही वाकडं नाही.

घेऊन आलेल्या वहिनींनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, आम्ही काही कमी केलं नाही हो. तेल लावलं, हळद लावली, कडुनिंबाचा पाला पाण्यात घातला. तरी रोज सकाळी पिंजऱ्याखाली पिसांचा खच."

मी गोव्यात फोंड्याकडे जनावरांचा दवाखाना चालवतो. गाई, कुत्री, मांजरं हे रोजचं काम. पोपट महिन्याला दोन-चार येतात आणि त्यातले निम्मे पिसांच्या तक्रारीने येतात. किरूची हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली, कारण पिसांच्या बाबतीत घराघरांतून होणाऱ्या चुका या एका पिंजऱ्याभोवती एकाच वेळी गोळा झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या मायेपोटी झाल्या होत्या. घरच्यांची परवानगी घेतली आहे. माणसांची नावं गाळली आहेत.

किरू आफ्रिकन ग्रे जातीचा, लाल शेपटीचा, वय ९ वर्षं. ही जात मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतली. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत तिला साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात घातलं आणि २०१७ पासून रानातून पकडलेल्या ग्रे पोपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. आपल्याकडे अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणी करण्याचे नियम २०२४ साली आले. किरूची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर झालेली होती आणि कागद घरात होते. हे मुद्दाम लिहितो, कारण हिरवा मिठू घेऊन येणाऱ्यांना अजूनही ठाऊक नसतं, की आपले देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिसं कशी चमकतील हा प्रश्न विचारण्याआधी तो पक्षी मुळात घरात असायला हवा का, हे बघा.

आधी डोकं, मग छाती

पिसं उपटणाऱ्या पोपटाकडे बघताना मी पहिल्यांदा डोकं बघतो. पोपटाची चोच स्वतःच्या छातीवर, पंखाखाली, पायावर, शेपटीवर पोचते. डोक्यावर पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गळत असतील, वेडीवाकडी येत असतील, तर दोष पक्ष्याच्या चोचीचा नाही. मग सर्कोव्हायरसने होणाऱ्या चोच-पिसांच्या रोगाचा किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराचा संशय धरावा लागतो. पिंजऱ्यात दोन पक्षी असतील तर दुसराही उपटत असेल, पण किरू एकटाच होता. त्याचं डोकं शाबूत होतं, म्हणजे हे काम त्याचं स्वतःचंच.

दुसरी खूण चोचीची. ग्रे पोपटाच्या अंगावर अशी काही बारीक पिसं असतात, की जी सतत पांढरी भुकटी सोडतात. ती सगळ्या अंगावर बसते आणि काळी चोचही पाटीवर खडू पुसल्यासारखी धुरकट दिसते. ही चोच काळीभोर, तुकतुकीत दिसायला लागली तर समजावं की भुकटी बंद झाली आहे, आणि सर्कोव्हायरसमध्ये असं होतं. किरूची चोच धुरकट होती. मला बरं वाटलं, तरी रक्त आणि पिसाचं मूळ तपासणीला बाहेर पाठवलं. घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत हे कळल्यावर सिटॅकोसिसचीही तपासणी त्यात घातली. पोपटांपासून माणसाला होणारा तो आजार म्हाताऱ्या माणसाला जड जातो. दोन्ही अहवाल दहा दिवसांनी आले, दोन्ही निर्दोष. एक्स-रेमध्ये पोटात धातूचा तुकडा नव्हता. ते बघावंच लागतं, कारण समुद्राच्या हवेने पिंजऱ्याचा जस्ताचा थर सुटतो आणि पोपट तो चघळतात. रक्तातलं कॅल्शियम मात्र खालच्या टोकाला होतं, आणि ग्रे पोपटात ते फार खाली गेलं तर झटके येतात.

वजन ३८८ ग्रॅम. छातीचं मधलं हाड बोटाला धारदार लागत होतं.

मग मी त्याचा डावा पंख उलगडून दिव्यापुढे धरला. नुकतीच पूर्ण वाढलेली दोन पिसं होती. त्यांच्यावर आडव्या, केसाएवढ्या बारीक, फिकट रेघा होत्या. जणू कुणी नख ओढलं आहे. पीस मुळातून वाढत वर सरकतं, म्हणजे टोक सर्वांत जुनं आणि बूड सर्वांत ताजं. वाढ चालू असताना पक्ष्याची उपासमार झाली, आजार झाला किंवा मोठी भीती बसली, की त्या दिवशी तयार होणारा केराटिनचा, म्हणजे पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्याचा, थर कमकुवत राहतो आणि तिथे रेघ उमटते. दोन्ही पिसांवर पहिली रेघ टोकाजवळ होती आणि खाली आणखी तीन-चार. रेघ तारीख सांगत नाही, पण ही पिसं कोवळी असताना काही बिनसलं आणि ते बिनसतच राहिलं, एवढं ती नक्की सांगते. मी वहिनींना ते दाखवलं आणि विचारलं, "दोन-अडीच महिन्यांपूर्वी घरात काय झालं?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मामंजी पडले."

जून महिना

सासरे निवृत्त मराठी शाळामास्तर. किरू त्यांचा. नऊ वर्षं रोज सकाळी सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, खुर्ची टाकून ते वर्तमानपत्र वाचायचे आणि किरू खुर्चीच्या पाठीवर बसून त्यांच्या पानातलं खायचा: पपई, कणसाचे दाणे, भाजीतली मिरची. पोपटाला मिरची तिखट लागत नाही. मे अखेरीस मास्तर अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. बारा दिवसांनी घरी आले ते आतल्या खोलीत पलंगावर. तेवढ्यात पाऊस लागला. सोप्यावर झड येते म्हणून पिंजरा आत आणला आणि जागा होती तिथे, स्वयंपाकघराच्या दारात, फ्रिजच्या आणि भिंतीच्या बेचक्यात ठेवला.

एका आठवड्यात किरूचं काय काय गेलं ते बघा. सकाळचं ऊन गेलं. खिडकीतून उजेड येत होता, पण काच अतिनील किरणांमधला नेमका उपयोगाचा भाग अडवते. त्याशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड-३ नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही. फळं-भाजी गेली, कारण ती भरवणारा माणूस गेला. घाईच्या घरात वाटीभर सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे टाकणं सोपं. या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. त्यात शेंगदाण्यांचा डबा गोव्याच्या पावसाळ्यातला: मी मागवून उघडला तेव्हा कुबट वास आला, आणि बुरशी लागलेला शेंगदाणा पोपटाचं यकृत आणि फुप्फुस दोन्ही बिघडवतो. आंघोळ गेली, "पावसात सर्दी होईल" म्हणून. फोडणीचा धूर, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल. बाहेरच्या खोलीतला टीव्ही अकरापर्यंत, म्हणजे बारा तासांच्या झोपेतले तीन-चार तास गेले.

आणि मास्तर गेले. खरं म्हणजे ते गेले नव्हते, हेच वाईट. भिंतीपलीकडे पंधरा-वीस फुटांवर ते झोपलेले असायचे. किरूला त्यांचा खोकला ऐकू यायचा, हाक ऐकू यायची, दिसायचं काही नाही. वहिनी म्हणाल्या, तो दिवसभर मास्तरांच्या आवाजात "कितें रे बाबा, कितें रे बाबा" करत राहायचा, आणि आतून मास्तर उत्तर द्यायचे.

घरच्यांनी हे निर्दयपणे केलं नव्हतं. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या खोलीत पिसं आणि भुकटी नको, ही काळजी रास्तच होती.

पीस उपटायला सुरुवात झाल्यावर आणखी दोन गोष्टी घडल्या. पहिली, तो चोच छातीकडे नेतो आहे असं दिसलं की घरातलं कुणी ना कुणी "किरू, नको!" म्हणत धावत यायचं. दिवसभर बेचक्यात एकट्या पडलेल्या पक्ष्याला यातून एकच गोष्ट कळते: पीस उपटलं की माणूस येतो. दुसरी, तेल. एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून पंधरवड्यात तीनदा खोबरेल चोळलं. माणसाच्या केसांना तेल चालतं म्हणून पिसांनाही चालेल असं वाटतं, पण पीस वेगळ्या घडणीचं असतं. पिसाच्या मधल्या दांडीपासून निघालेल्या तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून सलग पातं तयार होतं आणि त्या पात्याखाली हवा धरून ठेवली जाते. तीच पक्ष्याची गोधडी. तेल लागलं की आकडे सुटतात, पिसाची वात होते, अंगाची ऊब निघून जाते. पक्षी ते साफ करायला आणखी चोच घालतो आणि तेल पोटात जातं. शेपटीच्या मुळाशी स्वतःची तेलाची गाठ ग्रे पोपटाला असते. लागेल तेवढं तेल तो तिथून स्वतः घेतो.

काय केलं

पहिलं काम तेल काढण्याचं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे थोडे थेंब, पाच दिवसांच्या अंतराने दोनदा, आणि नंतर अंग पूर्ण सुकेपर्यंत उबेला. हे घरी करू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो; छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. घाबरलेल्या पोपटाला छातीला धरून आवळलं तर तो हातात गुदमरतो.

गळ्यात कॉलर घालायची मागणी झाली. मी नाही म्हटलं. कातडीला जखम असती, रक्त येत असतं, तर घातली असती. कॉलर चोच अडवते, ज्या कारणाने चोच तिकडे जाते ते तसंच राहतं. वर आधीच सगळं हिरावलेल्या पक्ष्याची पिसं सारखी करण्याची नैसर्गिक सवयही बंद होते. औषध म्हणून फक्त कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं दिली, मोजून. बाजारातले पिसं वाढवणारे थेंब वहिनींनी आधीच आणले होते, ते बंद केले; अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही बाधतं.

बाकीचं सगळं घरात करायचं होतं, म्हणून मी घरी गेलो. पिंजरा कुठे न्यायचा यावर बराच वेळ बोलणं झालं. सोप्यावर झड, मास्तरांच्या खोलीत भुकटी. शेवटी जागा सापडली ती मास्तरांच्या खोलीच्या दारात, बाहेरच्या बाजूला. पलंगावरून पिंजरा दिसतो, पिंजऱ्यातून पलंग. सिटॅकोसिसचा अहवाल निर्दोष होता, मास्तरांना दमा नव्हता. रोज ओल्या फडक्याने लादी पुसायची आणि पिंजऱ्याला हात लावल्यावर हात धुवायचे, एवढ्यावर त्यांच्या डॉक्टरांचीही हरकत राहिली नाही. पावसाने उघडीप दिली की सकाळी अर्धा तास पिंजरा सोप्यावर, अर्ध्यावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. संध्याकाळी साडेसातला कापड टाकून झोप. कॉइल आणि धूप बंद. नॉनस्टिकचा तवा मी स्वतः उचलून बाजूला ठेवला. तो रिकामा फार तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, आणि पिसांचं दुखणं घेऊन आलेल्या घरात असा मृत्यू मी एकदा पाहिला आहे.

आहार हळूहळू बदलला. बिया एकदम बंद केल्या तर पोपट नव्या अन्नाकडे बघतही नाही, उपाशी राहतो. म्हणून रोज सकाळी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर वजन, वहीत नोंद, आणि वजनाचा दहावा हिस्सा उतरला तर तडक फोन. बिया पाच आठवड्यांत निम्म्याहून कमी केल्या. जागा घेतली ती पोपटांसाठीच्या पेलेटनी, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांनी, आणि परसातल्या भाज्यांनी: तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, दुदी म्हणजे आपला लाल भोपळा, गाजर, रताळं, मोड आलेले मूग, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. रानात हे पक्षी तेलताडाची फळं खातात आणि त्या केशरी गरातून त्यांना अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल मिळतो. आपल्याकडे ते काम भोपळा आणि शेवगा करतात. पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचं असतं, त्यामुळे नवी पिसं येताना अंडं-मूग हवेतच. पिंजऱ्याला समुद्रफेन, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, उकळून वाळवून अडकवलं. वहिनींनी काजू विचारले. भाजलेला, बिनमिठाचा गर कधीतरी चालेल, पण कच्च्या काजूबीचं कवच खेळायलाही देऊ नका. त्यातल्या चिकाने आपले हात भाजतात, तिथे त्याची जीभ.

आठवड्यातून तीनदा सकाळी कोमट पाण्याचा फवारा, वरून, पाऊस पडल्यासारखा. पहिल्यांदा किरू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दबून बसला. चौथ्या वेळी त्याने पंख पसरले.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मास्तरांच्या हातांचा, असं माझं मत आहे. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यातला वाटी पाच मिनिटांत संपवतो आणि मग उरलेल्या दिवसाला त्याच्या चोचीपुढे त्याचं स्वतःचं अंग असतं. चोचीला काम हवं होतं आणि मास्तर पलंगावर रिकामे होते. मी सांगितलं, किरूचं खाणं बांधून द्या. मास्तरांनी ते शाळेच्या शिस्तीत घेतलं. रोज दुपारी वीस पुड्या. कोऱ्या कागदात मूग, वाळक्या केळीच्या पानात पेलेट, नारळाच्या सोडणात खुपसलेला गाजराचा तुकडा, पोफळीच्या वाळलेल्या विरीची सुरळी. करवंटीला भोक पाडून त्यात शेवग्याची डहाळी. किरू एकेक पुडी पायात धरून उलगडायचा आणि मास्तर पलंगावरून बघत राहायचे. "शेवटची गाठ जरा घट्ट मारली होती," ते मला म्हणाले, "चार मिनिटं लागली त्याला."

उपटताना दिसला तर कुणी काही बोलायचं नाही, हे पाळणं वहिनींना सर्वांत कठीण गेलं. पुडी उलगडत असताना मात्र कौतुक करायचं.

वही

आठवीतली नात रोज पिंजऱ्याखालची पिसं गोळा करून मोजायची. तिला फरक शिकवला. आपोआप गळलेलं पीस पूर्ण असतं, बुडाशी देठ कोरडा आणि बंद. उपटलेल्याचं बूड ओलसर, कधी रक्ताचं टोक. चावलेलं पीस मधेच तुटलेलं, कडा दातरलेली. यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते: मुळासकट उपटलेल्या पिसाच्या जागी नवं पीस लगेच वाढायला लागतं, चावून तोडलेल्याचं खुंट तसंच राहतं, पुढच्या पीसगळीपर्यंत. त्यामुळे सगळं बरोबर चालू असूनही पक्षी कित्येक महिने ओबडधोबड दिसतो आणि माणसं धीर सोडून पुन्हा तेलाची बाटली काढतात.

पहिल्या आठवड्यात नातीच्या वहीत रोज २५ ते ३० उपटलेली पिसं. तिसऱ्या आठवड्यात ८-१०. मग चवथ आली. विसर्जनाच्या रात्री शेजारी फटाक्यांची माळ लागली आणि दुसऱ्या सकाळी वहीत ४१. वहिनींचा आवाज फोनवर रडवेला होता. मी एवढंच विचारलं, वजन किती? चार ग्रॅमच उतरलं होतं आणि पुड्या त्याने नेहमीसारख्या उलगडल्या होत्या. काही बदललं नाही, तेच चालू ठेवलं. दिवाळीत मात्र पिंजरा तीन रात्री घराच्या मागच्या खोलीत, शेजारी मास्तरांची खुर्ची लावून.

नोव्हेंबरात छातीवर कोंब दिसले. नवं पीस येतं ते मेणकापडासारख्या आवरणात गुंडाळलेलं, आत रक्त भरलेलं, बोटाला टोचणारं. या दिवसांत तिथे हात लावू नये, दुखतं. असं पीस मोडून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून कापसाने हलकेच दाबून धरावं, आणि थांबलं नाही तर दवाखाना. किरूचा एक कोंब मोडला, नातीने हेच केलं. आवरणं सुकून किरूने ती स्वतः सोलायला घेतली तेव्हा त्याच्या छातीवर आणि खालच्या कागदावर कोंड्यासारखा पांढरा चुरा पडायचा. वहिनींना तो बुरशीचा वाटला आणि त्या घाबरल्या; मला त्याचा फोटो बघून जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

फेब्रुवारीत शेवटचं तपासलं. वजन ४३६. छाती भरली आहे, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा सोडून. तिथलं पीस इतक्या वेळा उपटलं गेलं आहे की मूळ बहुतेक कायमचं गेलं. वहीत आता दिवसाला एक किंवा शून्य. पंख पुन्हा दिव्यापुढे धरला. एका नव्या पिसाच्या टोकाशी दोन रेघा आहेत, त्यांच्याखाली बुडापर्यंत स्वच्छ राखाडी.

मास्तर वॉकर घेऊन सोप्यापर्यंत येतात. आमचं बोलणं झालं ते येत्या पावसाळ्याचं. मे संपायच्या आत सोप्याच्या झडीच्या बाजूला नारळीची झापं बांधून पिंजऱ्यापुरता कोपरा कोरडा करायचा, शेंगदाण्यांचा डबा घरात ठेवायचाच नाही, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किरूला पुन्हा माझ्याकडे आणायचं. नातीने वहीचं पान आखून ठेवलं आहे.